आम्ही मत्रूहला गेलो आहोत

अलेक्झांड्रिया
रविवार, २१ जुलै

प्रिय नग्ला,

मावशीच्या माहिताबकडून तुझा निरोप मिळाला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येईन म्हणतेस. पंधरा महिन्यांनी तुझं काही कानावर आलं. बरं वाटलं.

पण नेमके तेव्हाच आम्ही घरी नाही. हातिमला रजा मिळाली आहे, शनिवार तीन तारखेपासून गुरुवार आठ तारखेपर्यंत. आम्ही मत्रूहला चाललो आहोत. त्याच्या ऑफिसातल्या एकाची तिथे खोली आहे, समुद्राला लागून. खिडकी पूर्वेला आहे म्हणे. रुकय्याला समुद्र दाखवायचा आहे. समुद्र इथेही आहे, पण ऑगस्टमध्ये तो तुम्हा कैरोवाल्यांचा असतो.

फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, म्हणून हे पोस्टाने.

नंतर कधीतरी ये. सप्टेंबरात, नाहीतर थंडीत. मुनीरना सलाम.

तुझी
इनास


शनिवार, ३ ऑगस्ट

नग्ला,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. आम्ही मत्रूहला गेलेलो नाही. घरीच आहोत. आईच्या या घरात, दिवाणखान्याच्या फरशीवर गाद्या टाकून. झडपा बंद आहेत. फटींतून उजेडाच्या रेघा येतात आणि रुकय्या त्या पकडायला धावते.

या शहरात ऑगस्टमध्ये घरी राहून विश्रांती घेता येत नाही, हे तुला मी काय सांगू? लग्नानंतरचे किती ऑगस्ट तू इथे काढलेस, आणि दर वेळी मुनीरच्या घरचं कुणी ना कुणी बरोबर. गेल्या वर्षी हातिमच्या आत्याकडचे सात जण अकरा दिवस होते. रुकय्या तेव्हा चार महिन्यांची. रोज दोनदा मी मासे तळत होते. घरी असलेल्या माणसाने दार उघडायचं असतं. ‘आम्ही थकलो आहोत’ हे कारण आपल्यात कुणी ऐकून घेत नाही. ‘आम्ही घरी नाही’ हे ऐकतात.

मत्रूहची कल्पना हातिमची. खरं मत्रूह परवडत नाही. तिथल्या आठवड्याच्या भाड्यात त्याचा महिन्याचा पगार जातो. तो म्हणाला, “जाऊ नकोस, पण गेलीस असं सांग. खर्च शून्य, आणि आत्या येणार नाही.” मग त्याने पट्टी घेऊन तक्ता आखला. तो नकाशेच काढतो दिवसभर, त्याला दुसरं काय येणार? सहा दिवस, प्रत्येक तासाचा एक चौकोन. माझ्या झोपेचे चौकोन निळे, त्याचे राखाडी. स्वयंपाक बंद. फूलची तयार उसळ, फलाफल, टरबूज, चीज. दोघांचे फोन कपाटात. तक्ता फ्रिजला चिकटवला आहे. खाली लिहिलं आहे, ‘मुक्काम मत्रूह’.

अम्म बखीतला विश्वासात घ्यावं लागलं. दरवान खाली बसलेला असताना कोण कुठे लपणार? तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “सित्त इनास, मी विहीर आहे. माझ्यात पडलेलं वर येत नाही.” आज दुपारपर्यंत त्याने सगळ्या गल्लीला सांगून टाकलं की आम्ही पहाटे चार वाजता पांढऱ्या गाडीतून गेलो, टपावर छत्री बांधली होती, आणि बाशमुहंदिसने, म्हणजे आपल्या इंजिनियरसाहेब हातिमने, त्याला जाताना मिठी मारली.

हातिम विचारतो, “छत्री कशाला लागत होती याला?”

तुलाही खोटं का सांगितलं, हे मला कळत नाही. आत्याला टाळायचं होतं. तू आत्या नाहीस. तू येणार हे ऐकून मी माहिताबशी फोनवर बोलताना रडले, आणि फोन ठेवल्यावर तासाभराने तुला ते पत्र लिहिलं.


रविवार, ४ ऑगस्ट

तक्त्यावर सकाळी दहा ते एक माझा निळा चौकोन होता. मी डोळे मिटून पडले. रुकय्या आतल्या खोलीत हातिमजवळ होती. ती रडली नाही, तर मी ती का रडत नाही ते ऐकत राहिले. एक वाजता हातिमने दारातून विचारलं, “कशी झाली झोप?” मी म्हटलं, छान. त्याच्या चौकोनात मात्र तो अक्षरशः मेल्यासारखा झोपला. मी उभी राहून त्याच्याकडे बघत होते. राग आला. का आला?

कपडे बाहेर वाळत घालता येत नाहीत. मत्रूहला गेलेल्यांच्या गच्चीत लहान मुलीचे झगे कसे दिसणार? सगळ्या खुर्च्यांवर झगे आहेत. आईची कपडे धुवायची मोठी परात आठवते? तीच, अॅल्युमिनियमची. हातिमने तिच्यात पाणी भरून ती दिवाणखान्यात आणली आणि रुकय्याला सांगितलं, हा समुद्र. ती दीड तास बसली. बोटं सुरकुतली तरी उठेना. मग फरशी पुसायची पाळी माझी, तक्त्यावर ती कुठेच नव्हती.

संध्याकाळी ती किंचाळली. दात येतोय. वरच्या मजल्यावरच्या तांत इजलालने जिन्यातून अम्म बखीतला हाक मारली. आम्ही दाराला कान लावून ऐकत होतो.

“बखीत! इनासच्या घरात मूल रडतंय!”

“मांजर असेल, हानेम.”

“मी पाच मुलं वाढवलीत, मला मांजर शिकवतोस? रिकाम्या घरात मूल रडतंय म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.”

“म्हणजे मांजरच,” अम्म बखीत म्हणाला, पण त्याचा आवाज बारीक झाला होता. त्याला खरं माहीत असून.

हातिमने उशी तोंडात कोंबली होती. मीही हसले. हसता हसता एकदम थांबले, कारण तुला हे कधी सांगेन असं मनात आलं.

डॉक्टरीणबाईंनी जूनमध्ये विचारलं होतं, सलग किती झोपता? दोन तास, मी म्हटलं. त्या लिहायचं थांबल्या. म्हणाल्या, आठवडाभर काही करू नका, नाहीतर काहीतरी होईल. काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात रुकय्या पाळण्यात रडत होती आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून शंभरपर्यंत आकडे मोजत होते. शंभर झाल्यावर पुन्हा एकपासून. हे हातिमला माहीत नाही.

तू असतीस तर असं झालं नसतं. किंवा झालं असतं आणि तू दोन शिव्या देऊन मला झोपवलं असतंस.


सोमवार, ५ ऑगस्ट

आज मी झोपले. पाच तास.

झालं असं की तांत इजलालने सकाळी आमच्या दाराबाहेर तिचा रेडिओ आणून ठेवला. कुराणपठणाचं केंद्र लावून. रिकाम्या घरातलं जे काही आहे ते निघून जावं म्हणून. अम्म बखीतला बजावलं, सूर्य मावळेपर्यंत हात लावायचा नाही. आत आम्ही तिघं. पठण सुरू झालं आणि पाचव्या मिनिटाला रुकय्याची मान माझ्या खांद्यावर पडली. मी तिला घेऊन आडवी झाले. मग मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. कुठला दिवस ते कळेना. गालावर गादीचे वळ उठले होते. रुकय्या माझ्या पोटावर हात टाकून निजली होती आणि उजेडाच्या रेघा तिच्या पायांवर होत्या. मला इतकं बरं वाटलं की भीती वाटली.

हातिम कपाटापाशी घुटमळत होता. मी विचारलं तर म्हणाला, “काही नाही. मत्रूहहून परत येताना जैतून आणि सीवाचे खजूर आणावे लागतील. अम्म बखीतने गल्लीत आठ जणांच्या ऑर्डरी घेतल्यात. बुधवारी टोपी घालून बाजारात जाईन.”

“चोरासारखा?”

“चोर वस्तू चोरतो, बाईसाहेब. मी विकत घेऊन चोरासारखा येणार आहे.”

माहिताबने जुलैत मला तुझा निरोप शब्दशः सांगितला होता. ‘झोपलेल्या माणसावर किती दिवस रागवायचं?’ असं तू म्हणालीस. आज पाच तास झोपून उठले आणि पहिलं हेच वाक्य आठवलं. हे चांगलं वाक्य आहे. तू नेहमीच चांगलं बोलतेस.

पुढे लिहिणार होते. नको.


मंगळवार, ६ ऑगस्ट

नग्ला,

हे पत्र तुला द्यायचं आहे.

सकाळी कपाटात फोन वाजत राहिला. हातिम आंघोळीला होता. त्याचा फोन मी घेतला. माहिताब.

“अगं कुठे आहात तुम्ही? नक्की कुठे?”

मी म्हटलं, मत्रूह.

“मत्रूह मोठं आहे! कुठला किनारा? नग्ला रविवारपासून तिथे आहे. तुम्हाला चकित करायला गेली, आता तीच चकित होऊन बसलीय. काल हातिमने मला उबैद सांगितलं. मी तिला उबैदला पाठवलं. दिवसभर वाळू तुडवली तिने, इनास, उन्हात, हातात ती खाऊची पिशवी घेऊन. चष्मेवाला उंच नवरा, बारीक बायको, पंधरा महिन्यांची मुलगी. ज्याला विचारावं तो म्हणतो, हो हो, आत्ताच इथे होते, तिकडे गेले. तिकडे जावं तर तिथला म्हणतो, अजीबाला गेले. ती अजीबालाही जाऊन आली. ‘माहीत नाही’ म्हणायला या देशात कुणाच्या बापाचं काय जातं?”



“आणि तू पत्रात पूर्वेची खिडकी लिहिली होतीस. ती सकाळी उठून पूर्वेच्या खिडक्या बघत फिरते. वेडी आहे का ती? की तुम्ही?”

मी म्हटलं, “माहिताब, तिला सांग जिथे आहे तिथेच थांब. मी उद्या येते.”

“येते म्हणजे? कुठून येतेस?”

मी फोन ठेवला.

हातिम टॉवेल गुंडाळून आला. मी म्हटलं, “काल तुला फोन आला होता.”

तो लगेच समजला. “मी काय सांगणार होतो? आपलं ठरलं होतं मत्रूह. तिने किनारा विचारला, तोंडात आला तो सांगितला. मला काय ठाऊक, नग्ला तिथे आहे म्हणून? माहिताब नुसती विचारत होती.”

“रात्री का नाही सांगितलंस?”

“तू पाच तास झोपली होतीस. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा. मी म्हटलं, उद्या.”

“तू तिला उन्हात उबैदला पाठवलंस.”

“मी उबैदला पाठवलं,” तो म्हणाला. “मत्रूहला कुणी पाठवलं?”

मग त्याने विचारलं, तुझ्या बहिणीला का खोटं सांगितलंस? आत्याचं समजू शकतो. ती तर समेटाला येत होती. मी त्याला उत्तर दिलं नाही. ते आधी तुला द्यायला हवं.

रुकय्या अकरा दिवसांची होती. तू कैरोहून गाडीने आलीस, एकटी. बाळंतिणीला देतात त्या मुगातची बरणी होती तुझ्याकडे, तूप वर आलेलं, तीळ घातलेले. तुझं मूल जाऊन नऊ दिवस झाले होते. चौथा महिना होता. अंथरुणातून उठायची नव्हतीस तू, आणि माझ्यासाठी मुगात भाजत बसलीस.

हातिमच्या आईने, हाज्जा एतिदालने, तुला आत घेतलं नाही. जिन्यात खुर्ची टाकली, चहा तिथेच दिला, आणि सांगितलं की इनास झोपली आहे, बाळही झोपलंय. तू अर्धा कप प्यायलीस, बरणी उंबऱ्याशी ठेवलीस आणि गेलीस. काय चाललंय ते तुला न कळायला तू काही परदेशातली नाहीस. चाळीस दिवसांच्या आत, जिची कूस नुकतीच रिकामी झाली आहे ती बाळंतिणीच्या खोलीत आली, तर बाळंतिणीचं दूध आटतं. मुशाहरा. आईसुद्धा मानायची. आपण दोघी हसायचो.

तेव्हापासून सगळं घर, तू, माहिताब, मावशी, हाज्जा एतिदालला बोल लावत आलात. जुन्या वळणाची बाई, दगडाच्या काळजाची. हातिमसुद्धा आईशी महिनाभर नीट बोलला नाही. ती गप्प राहिली.

नग्ला, मी झोपले नव्हते. दाराच्या आतल्या बाजूला उभी होते, रुकय्या छातीशी. घंटा वाजल्यावर हाज्जा दार उघडायला निघाली होती. आनंदाने निघाली होती. तुझ्यासाठी कोंबडी शिजवायची म्हणत होती. मी तिची बाही धरली. म्हटलं, “नको. दूध जाईल.” तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “पोरी, तुझी सख्खी बहीण आहे. मीठ टाकू, बिस्मिल्ला म्हणू, काही होत नाही.” मी बाही सोडली नाही. मी म्हटलं, “तुम्हीच सांगा काहीतरी.”

मी मानत नाही या गोष्टी. तेव्हाही मानत नव्हते. मग बाही का धरली ते पंधरा महिने शोधते आहे. दोन रात्री झोप नव्हती, दूध नीट येत नव्हतं, ती सारखी रडत होती, कुणीतरी मुशाहराचं म्हणालं होतं. ही कारणं आहेत. उत्तर नाही. तुझा खोकला मला दारातून ऐकू आला. कपबशीचा आवाजही. तू उतरताना कठड्याला धरून उतरलीस, तुझी अंगठी लोखंडावर घासत होती.

दूध तरीही आटलं. एकविसाव्या दिवशी. तुझी मुगात मी संपवली होती.

तू निरोप पाठवलास, झोपलेल्या माणसावर किती दिवस रागवायचं. ती माफी मी घेतली असती तर ती दुसऱ्याच कुणाची तरी होती. आणि नाकारायची तर हे सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून मत्रूह. हे इतकं सरळ आहे का ते मला माहीत नाही. लिहिल्यावर सरळ दिसतंय.

हाज्जाला मी कधी विचारलं नाही, तुम्ही माझं नाव का सांगितलं नाही. आज फोन केला. विचारलं. ती म्हणाली, “तू बाळंतीण होतीस. बाळंतिणीवर काही घालत नाहीत.” मग विचारलं, “मत्रूहला हवा कशी आहे?”


मत्रूह
बुधवार, ७ ऑगस्ट

पहाटेच्या बसने निघालो. हातिम येतो म्हणाला. मी म्हटलं, तू झोप, या घरातल्या एकाने तरी रजा घ्यावी. अम्म बखीतने आम्हाला खाली उतरताना पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “सित्त इनास, लोकांना मी काय सांगू?” मी म्हटलं, “सांग, मत्रूहला गेली.”

चार तास रुकय्या उभीच होती, माझ्या मांडीवर, खिडकीला तोंड लावून. पत्ता माहिताबने दिला होता. मशिदीमागची गल्ली, उम्म शवकीचं घर, तळमजला, निळं दार.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे मला नीट कळेल.

तू दार उघडलंस. उन्हाने तुझं नाक सोललं आहे. मी सलाम केला. तू रुकय्याकडे पाहिलंस. मी कालचं पत्र पुढे केलं आणि म्हटलं, “आधी हे वाच, मग आत घे. किंवा घेऊ नकोस.” तू उभ्यानेच वाचलंस. तिसऱ्या पानावर थांबलीस, मागे गेलीस, पुन्हा पुढे आलीस. रुकय्या माझे केस ओढत होती. वाचून झाल्यावर तू कागदांची घडी केलीस. चारदा. मग हात पुढे केलेस, तिला माझ्या कडेवरून घेतलंस, आणि दार लावलंस.



ती परक्या माणसाकडे जात नाही. हातिमच्या आत्याकडे गेली नाही. आता रडेल म्हणून मी दाराशी उभी राहिले. रडली, थोडी. मग तुझा आवाज आला, शब्द कळले नाहीत. ती “ब्बा” म्हणाली. ब्बा म्हणजे काहीही असतं, पाणी, बाबा, बटाटा. मग कागदी पिशवीचा चुरचुर आवाज. मग काही नाही.

उम्म शवकी दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा म्हणाली, “बहिणी का? मग वेळ लागेल.” दुसऱ्यांदा चटई आणि अर्धं टरबूज घेऊन आली. “भांडण उपाशीपोटी करू नये. ती आतली दोन दिवस कुणासाठी तरी खाऊ जमवत होती, तीच ही पोरगी?” मी म्हटलं, तीच.

आत काय चाललंय ते मला माहीत नाही. तू तिला घेतलंस याचा काय अर्थ लावायचा? दार लावलंस याचा काय? मघापासून मी आधी एक धरते, मग दुसरा. दार वाजवावं असं तीनदा वाटलं. तीनदा बसले. तो हक्क माझा नाही, की वाजवत नाही म्हणून तू आणखी चिडली आहेस? तू काही बोलली असतीस तर बरं झालं असतं. कदाचित नसतं झालं.

सावली आहे इथे. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. माझे हात रिकामे आहेत. डावा हात अजून वाकलेलाच राहतो, ती कडेवर असल्यासारखा. मी तो सरळ करते, तो पुन्हा वाकतो.

हे दाराखालून सरकवते आहे. ती दुपारी दही खाते, साखर न घालता. चमचा आणि कपडे पिशवीत आहेत, पिशवी दाराबाहेर डावीकडे ठेवली आहे. झोपवताना पाठीवर थोपटू नकोस, तिला आवडत नाही, कानामागे बोट फिरव.

मी इथेच आहे, दारासमोर, चटईवर. डोळे मिटत आहेत. झोप लागली तर उठवू नकोस.

नाही, उठव.